राइट व्हेलचे संरक्षण आणि नकाशांकन तंत्रज्ञान

उत्तर अटलांटिक राइट व्हेल ही अमेरिका व कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यालगत आढळणारी देवमाशाची अतिसंकटग्रस्त प्रजाती आहे. तिची संख्या चारशेहून कमी उरली असून जहाजांची धडक व मासेमारीच्या दोरांत अडकणे ही मृत्यूची प्रमुख कारणे आहेत.

देवमाशांच्या नोंदी आणि जहाजांचे मार्ग एकाच नकाशावर मांडल्यास धडकेचा धोका असलेली क्षेत्रे ओळखता येतात. याच आधारे इ.स. २००३ मध्ये फंडीच्या उपसागरातील आणि इ.स. २००७ मध्ये बॉस्टन बंदराचा जलमार्ग सरकवण्यात आला. इ.स. २००८ मध्ये अमेरिकेने ठरावीक क्षेत्रांत, ठरावीक हंगामात ६५ फूट व त्याहून लांब जहाजांना १० नॉटची वेगमर्यादा घातली.

मात्र जुन्या नोंदींवर आधारलेला नकाशा कालबाह्य होऊ शकतो. समुद्राचे तापमान वाढल्याने देवमाशांचे सूक्ष्म खाद्यजीव विरळ झाले व अनेक देवमासे सेंट लॉरेन्सच्या आखाताकडे वळले. तेथे पुरेसे संरक्षण नव्हते. इ.स. २०१७ मध्ये कॅनडाच्या सागरी हद्दीत १२ देवमासे मृत आढळले. त्यानंतर विमाने आणि पाण्याखालील ध्वनिग्राहकांकडून मिळणाऱ्या ताज्या नोंदींनुसार तेथे वेगमर्यादा लागू होऊ लागली.

तथापि पाण्याखाली असलेला व आवाज न करणारा देवमासा अशा नोंदींतून निसटतो. त्यामुळे नकाशावरील रिकामे क्षेत्र सुरक्षित मानता येत नाही आणि हंगामी वेगमर्यादेची गरज कायम राहते. ती ३५ फुटांपासूनच्या नौकांना लागू करण्याचा अमेरिकेतील प्रस्ताव जानेवारी २०२५ मध्ये मागे घेण्यात आला.