बायोचे भरतकाम : नऊशे वर्षे टिकलेले कापड आणि प्रवासाचा हट्ट

जगातील सर्वांत प्रसिद्ध टॅपेस्ट्री ही मुळात टॅपेस्ट्री नव्हेच. टॅपेस्ट्री मागावर विणली जाते आणि तिचे चित्र विणीतूनच उमटते. फ्रान्समधील बायो गावी जपलेले कापड हे लिननच्या पट्टीवर लोकरीच्या दोऱ्याने केलेले भरतकाम आहे. लांबी सुमारे ६८ मीटर, रुंदी जेमतेम अर्धा मीटर. विषय एकच : १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जच्या रणात हॅरल्डचा पाडाव करून इंग्लंडचे सिंहासन कसे मिळवले.

विल्यमचा सावत्र भाऊ आणि बायोचा बिशप ओडो याने ते करवून घेतले आणि काम इंग्लंडात, बहुधा कँटरबरीत झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे खरे असेल, तर जेत्यांची विजयगाथा जितांच्या हातांनी भरली गेली. केवळ ‘विजेत्यांचा प्रचार’ म्हणून हे कापड बाजूला सारणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

कामाची रीत पाहण्यासारखी आहे. आकृतींच्या कडा देठटाक्याने काढलेल्या. आतील भाग भरताना लांब दोरे शेजारी शेजारी अंथरायचे, त्यांवर अंतराअंतराने आडवे दोरे टाकायचे आणि ते बारीक टाक्यांनी जखडायचे. यामुळे लोकर बहुतांशी दर्शनी बाजूलाच राहते, मागे वाया जात नाही. जुन्नर-आंबेगावकडे, पारगावसारख्या गावांत जुनेरांची गोधडी शिवणाऱ्या बाईला ही काटकसर समजावून सांगावी लागणार नाही.

कापडावर सहाशेहून अधिक माणसे आहेत, मुख्य पट्ट्यात स्त्रिया मात्र अवघ्या तीन. त्यांतल्या एकीचे नाव वर लिहिले आहे : एल्फगिवा. तिच्यासमोर एक धर्मगुरू उभा आहे आणि चित्रावरचे लॅटिन वाक्य क्रियापदावाचून तुटले आहे. तत्कालीन प्रेक्षकाला तो प्रसंग ठाऊक असणार. आज तो कोणालाच उलगडत नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटाच्या लेण्यात याची आठवण येते. तेथे सातवाहन राजकुलाच्या मूर्ती जवळजवळ नाहीशा झाल्या, परंतु माथ्यावर ब्राह्मीत कोरलेली नावे राहिली. नाणेघाटात नाव आहे, माणूस नाही. बायोत नाव आहे, माणूस आहे आणि गोष्ट हरवली.

हे कापड टिकले कसे? १४७६ च्या बायो कॅथीड्रलच्या यादीत त्याची नोंद आहे; वर्षातून एकदा सणाला ते मंदिरात लावले जाई. सोन्याची जर असती, तर ते कधीच वितळवले गेले असते; लोकर आणि लिनन यांना तो धोका नव्हता. दुसरा होता. १७९२ साली, क्रांतीच्या धामधुमीत, लष्करी गाड्यांवर झाकण म्हणून ते घालण्याची वेळ आली आणि एका स्थानिक वकिलाने ते सोडवले. पुढे १८०३ मध्ये नेपोलियनने ते पॅरिसला मांडले, कारण इंग्लंडवरील स्वारीसाठी त्याला लोकमत तापवायचे होते. १९४४ मध्ये हिमलरच्या माणसांचा त्यावर डोळा होता. पॅरिस मुक्त झाले म्हणून ते वाचले. ज्याने ज्याने ते मागितले, त्याला कापडापेक्षा १०६६ हवा होता.

आता पुन्हा मागणी झाली आहे. जुलै २०२५ मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे सप्टेंबर २०२६ ते जुलै २०२७ या काळात ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवायचे. बदल्यात सटन हू येथील ठेवा व लुईसची बुद्धिबळाची मोहरी नॉर्मंडीत पाठवायची. मराठी वाचकाला साताऱ्याची वाघनखे आठवतील. २०२४ साली ती लंडनहून उसनी आली तेव्हा अस्सलतेवर वाद झाला, प्रवासावर नव्हे. पोलाद प्रवास सोसते. २०२० च्या तपासणीत या कापडावर २४,२०४ डाग, ९,६४६ छिद्रे आणि ३० फाटलेल्या जागा मोजल्या गेल्या.

बायोचे संग्रहालय नूतनीकरणासाठी बंद असल्याने कापड हलवावे लागणारच होते, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण गावातल्या गावात हलवणे निराळे आणि खाडी ओलांडून नेऊन आणणे निराळे. फ्रान्समधील जाणकारांनी विरोध नोंदवला तो याच कारणासाठी, आणि तो रास्त आहे. दोन राष्ट्रांचा स्नेह दाखवायला इतर वस्तू पुष्कळ आहेत.

शिवाय ज्यांना संपूर्ण कथा त्याच आकारात पाहायची आहे, त्यांच्यासाठी इंग्लंडात सोय आहेच. १८८५-८६ मध्ये लीक गावच्या एलिझाबेथ वॉर्डल यांनी मैत्रिणींना घेऊन या भरतकामाची पूर्ण लांबीची प्रत केली. छायाचित्रांवरून काम करताना काही नग्न आकृतींना चड्ड्याही चढल्या. व्हिक्टोरियन काळाची ती मर्यादा! ती प्रत रेडिंगच्या संग्रहालयात आहे, लंडनहून रेल्वेने तासाभराच्या आत. मूळ कापडावर भरणारणींपैकी एकीचेही नाव नाही. रेडिंगच्या प्रतीत प्रत्येक भागाखाली तो भरणाऱ्या बाईचे नाव दोऱ्याने काढले आहे.