धक्क्यावर एक जीवशास्त्रज्ञ हवा

महाराष्ट्राने सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. गंमत अशी की, त्याच्या चारच वर्षं आधी भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं की आपलं पापलेट म्हणजे पुस्तकात लिहिलेलं पॅम्पस अर्जेंटियस नव्हेच. ते नाव १७८८ मध्ये चीनकडच्या माशाला पडलेलं. आपल्या समुद्रातली जात वेगळी, पॅम्पस कँडिडस. हे नाव १८२९ मध्ये देऊन ठेवलं होतं, पण नंतर ते अडगळीत गेलं. ज्या माशासाठी गिऱ्हाईक कोळणीशी तासभर हुज्जत घालतं, त्याची शास्त्रीय ओळख इतका काळ दुसऱ्याच्या नावावर चालली होती.

पापलेटाची ही कथा, तर बाकीच्यांना कोण विचारतो?

किनाऱ्यापासून सुमारे दोनशे मीटर खोलीपर्यंत उतरत जाणारी समुद्रबूड जमीन, म्हणजेच भूखंडमंच, भारतात सर्वांत रुंद आहे ती मुंबईच्या आसपास. इथे ती तीनशे किलोमीटरच्या घरात जाते. केरळकडे अरुंद होत जाते. बॉम्बे हायच्या तेलविहिरी याच मंचावर उभ्या आहेत आणि आपली बहुतेक मासेमारीही इथेच चालते. त्यामुळे सगळ्यांचा समज असा की हा भाग पालथा घालून झालेला आहे, नवलाई असेल तर ती खोल अंधाऱ्या तळाशी. सरकारी पैसाही तिकडेच वळतो. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या खोल समुद्र मोहिमेचा खर्च ४,०७७ कोटी रुपये, आणि तिच्यातली मत्स्य ६००० ही पाणबुडी तिघांना सहा हजार मीटर खाली नेणार. मोहीम व्हावी, त्यात वाद नाही. पण नव्या जाती शोधण्यासाठी दर वेळी इतकं खाली जावं लागत नाही.

तामिळनाडूतल्या कडलूरजवळचं मुडसलओडई हे मासे उतरवण्याचं साधं ठिकाण. तिथे ट्रॉलरच्या मासळीत आलेल्या तपकिरी वामेला २०२३ मध्ये जिम्नोथोरॅक्स तमिळनाडूएन्सिस हे नाव मिळालं. केरळात कोल्लमजवळच्या शक्तिकुलंगरा बंदरात उतरलेल्या एका छोट्या शार्कची, आपल्याकडे जिला सरसकट मोरी म्हणतात तशीची, स्क्वालस हिमा म्हणून अलीकडेच वेगळी नोंद झाली. व्हिएतनाममध्ये तर समुद्रतळाचे महाकाय किडे हॉटेलांत चवीने खाल्ले जात होते. बाजारातून विकत घेतलेले त्यांचे नमुने तपासल्यावर २०२५ मध्ये बॅथिनोमस व्हेडेरी ही जात जाहीर झाली. लोकांनी आधी चव घेतली, शास्त्राने मागाहून नाव दिलं.

या सगळ्यांची आजी म्हणावी अशी गोष्ट दक्षिण आफ्रिकेतली. २२ डिसेंबर १९३८. ईस्ट लंडन बंदरात नेरीन नावाचा ट्रॉलर परतला. त्याचा कप्तान हेंड्रिक गूसेन याची एक सवय होती, जाळ्यात काही विचित्र आलं की बाजूला ठेवायचं आणि गावातल्या लहानशा संग्रहालयाला फोन करायचा. संग्रहालय सांभाळणारी मार्जरी कोर्टने-लॅटिमर धक्क्यावर आली. ढिगाऱ्याखाली तिला दीड मीटर लांबीचा, निळसर, जाड खवल्यांचा आणि पायांसारख्या परांचा मासा दिसला. टॅक्सीवाला तो दुर्गंधी मारणारा ऐवज गाडीत घ्यायला तयार होईना. शवागाराने नाही म्हटलं, शीतगृहानेही नाही म्हटलं. शेवटी पेंढा भरणाऱ्याकडून कातडं तेवढं वाचवलं. आतडी, गलफडं गेली कचऱ्यात. तिने पाठवलेलं रेखाचित्र पाहून प्राध्यापक जे. एल. बी. स्मिथ यांना मासा ओळखू आला. तो सीलकँथ होता, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपला असं ज्याच्याबद्दल धरून चाललं होतं, तो. ट्रॉलरने तो उचलला होता जेमतेम सत्तर मीटर खोलीवरून! दुसरा नमुना मिळायला १९५२ उजाडलं, आणि तो ज्या कोमोरो बेटांवर मिळाला तिथल्या मच्छीमारांना हा मासा चांगला ठाऊक होता.

या गोष्टीत पाणबुडी नाही. आहे तो एक कप्तान, एक फोन, आणि फोन उचलून धक्क्यावर धावत येणारी बाई. आपल्याकडे कप्तान आहेत, म्हणजे तांडेल आहेत. फोन तर प्रत्येकाच्या खिशात आहे. तो करायचा कुणाला, इथे घोडं अडतं.

ससून डॉकला किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात पहाटे गेलं की चित्र दिसतं. पापलेट, सुरमई, कोळंबी पटापट निवडली जाते, बर्फात जाते, लिलावाला लागते. उरतो तो बारीकसारीक माल: पिल्लं, खेकडे, शिंपल्या, न ओळखीचे मासे. त्यातला बराचसा फावड्याने क्रेटमध्ये भरून मत्स्यचूर्णाच्या कारखान्याकडे रवाना होतो. नवी जात असेल तर ती याच ढिगात, आणि आठवड्याभरात ती कोंबड्यांच्या खाद्यात. खरं तर तिला वाचवायला लागतं फार थोडं. रंग उडण्याआधी काढलेला फोटो, पकडल्याची जागा आणि खोली, डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये टाकलेला मांसाचा लहान तुकडा. तुकडा आधी काढायचा आणि उरलेला मासा मग फॉर्मेलिनमध्ये ठेवायचा. क्रम चुकला तर डीएनए बिघडतं.

अडचण पुढची आहे. माशाच्या पराचे काटे मोजून, मणके एक्स-रेत पाहून, दीडशे वर्षांपूर्वीच्या वर्णनाशी ताडून बघणारी माणसं कमी होत चालली आहेत. नमुना गोळा झाल्यापासून त्याला नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात, असा हिशेब २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला होता. वर्गीकरणात करिअर नाही असं विद्यार्थ्याला सांगणारे प्राध्यापकही खोटं बोलत नाहीत, कारण तशा जागाच निघत नाहीत.

नावं देऊन मच्छीमाराचं काय भलं होणार, असं कुणी विचारील. उत्तर पापलेटातच आहे. किती लहान मासा धरायचा नाही हे ठरतं ते ती जात कोणत्या आकारात अंडी घालते यावर. जात ओळखण्यातच चूक असेल, तर परक्या माशाची मापं आपल्या माशाला लावली जाण्याचा धोका राहतो.

विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळपट्टा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये तिथे संशोधकांची मोहीम गेली. अशा मोहिमा कधीमधी निघतात. ट्रॉलर मात्र रोज निघतात. म्हणून राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने ससून डॉक, मिरकरवाडा आणि मालवण इथे एकेक प्रशिक्षित वर्गीकरणतज्ज्ञ, एक फ्रीजर आणि अल्कोहोलच्या बाटल्या एवढी सोय करावी. वेगळा मासा आणून देणाऱ्या तांडेलाला किलोच्या भावापेक्षा जास्त पैसे द्यावेत, आणि शोधनिबंधात त्याचं नाव छापावं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. वर्षभर साठलेले नमुने तपासायला ते दोन महिने सोयीचे पडतील.