इस्तंबूल पाहिलं, तलावपाळीचं काय?
डोंबिवलीत हल्ली इस्तंबूल करून आलेलं घर शोधायला दुसऱ्या मजल्यापलीकडे जावं लागत नाही. निळ्या मशिदीत डोक्यावरून ओढणी घेतलेल्या काकू, काखेत चपलांची पिशवी, मागे मान वर करून घुमट न्याहाळणारे काका, हा फोटो ग्रुपवर पडतोच. आयासोफियाचा वरचा सज्जा बघायला परदेशी पाहुण्यांना 2024 पासून 25 युरो पडतात. तेही मोजले जातात, कुरकुर होते ती चहावरून. उत्तमच आहे. पण ठाण्याच्या तलावपाळीवर वर्षानुवर्षं भेळ खाणारी हीच मंडळी तिथल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या फाटकातून कधी आत गेलेली नसतात. कल्याणच्या काळ्या तलावाला फेऱ्या मारणाऱ्यांपैकी किती जणांनी काठावरची काळ्या दगडाची मशीद थांबून पाहिली, देव जाणे. ‘आपल्याला चालेल का आत?’ हा प्रश्न परदेशात तिकीट मिटवतं. इथे तिकीट नाही, म्हणून कुणाला तरी विचारावं लागतं, आणि नेमकी तिथेच जीभ अडते. खरं तर ठाणं हे एके काळी परदेशी प्रवाशांच्याच वाटेवरचं बंदर. 1321 मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. पुढे काही वर्षांतच ओदोरिक नावाचा इटालियन साधू ठाण्यात आला, त्याने त्यांच्या अस्थी गोळा केल्या, जहाजाने थेट चीनपर्यंत नेल्या आणि हे सगळं आपल्या प्रवासवर्णनात सांगितलं.