फेट्याखालचं डोकं

शिवजयंतीची बाईक रॅली आठवा. सकाळी फेटे बांधणाऱ्यासमोर रांग, मग ग्रुप फोटो, मग स्टेटस, मग रील. फेटा चढला की मान आपोआप ताठ होते आणि त्यात वाईट काहीच नाही. पण हा फेटा ज्या घोडेस्वारांची आठवण म्हणून आपण मिरवतो, ते डोक्याला कापड कशासाठी बांधत होते, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय?

ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात मराठी स्वाराच्या पोशाखाचं वर्णन आहे. गुडघ्याखाली जाणारी सुटसुटीत विजार, कापूस भरून शिवलेला अंगरखा, कमरेला शेला आणि त्यात अडकवलेली तलवार, डोक्याला पागोटं. गंमत पुढे आहे. अनेक स्वार पागोट्याचा एक पदर हनुवटीखालून घेऊन बांधत. घोडा भरधाव सुटला तरी पागोटं जागचं हलायला नको! आजच्या भाषेत सांगायचं तर स्ट्रॅप लावलेलं हेल्मेट. आणि आपण त्याच स्वाराच्या नावाने हेल्मेट घरी ठेवून, ट्रिपल सीट, कॉलेज रोडवरून हॉर्न वाजवत निघतो. त्याने पाहिलं असतं तर काय म्हणाला असता?

घोडदळाच्या पोशाखात शोभेचं म्हणून जे जे दिसतं, त्यातलं बरंचसं मुळात कामाचं होतं. लष्करी समारंभात काही अधिकाऱ्यांच्या खांद्यावर लोखंडी साखळीची जाळी दिसते. ती आली तलवारीचा वार खांद्यावर बसू नये म्हणून. खाकी रंग आला तो १८४०च्या दशकात, पेशावरकडे उभारलेल्या 'गाइड्स' या पलटणीतून. खाक म्हणजे धूळ. धुळीच्या मुलखात लाल कोट लांबूनच दिसायचा, मातकट कपडा दिसायचा नाही. साधा हिशेब.

दुसरा हिशेब पैशांचा. शिवकाळात घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचं घेऊन येई. शाळेत चार मार्कांसाठी आपण हा फरक पाठ केला आणि विसरलो. इंग्रज विसरले नाहीत. त्यांच्या हिंदी घोडदळातल्या बहुतेक रेजिमेंट 'सिल्लादार' पद्धतीवर चालत. शब्द आपला, फक्त उच्चार साहेबाचा. घोडा, खोगीर, कपडे, फेटा, सगळ्याचा भार स्वाराच्या खिशावर, बदल्यात पगार थोडा जास्त. पहिल्या महायुद्धात घोडे आणि माणसं इतकी पडू लागली की स्वाराने स्वतःच्या पैशातून भरपाई करणं अशक्य झालं. युद्धानंतर ही पद्धत बंद झाली. त्या काळच्या फोटोंमधले ते रुबाबदार फेटे पाहताना एवढं लक्षात असू द्या, की त्यातल्या अनेकांचं बिल शेतकऱ्याच्या पोरानेच भरलेलं आहे.

आता थोडं अवघड बोलू. सध्या लष्करातल्या 'गुलामीच्या खुणा' काढण्याची चर्चा जोरात आहे. २०२२ मध्ये नौदलाचं निशाण बदललं, त्यावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेला अष्टकोन आला. डिसेंबर २०२३ मध्ये सिंधुदुर्गात नौदल अधिकाऱ्यांच्या खांद्यावरची चिन्हं बदलण्याची घोषणा झाली. अनेकांना ते आवडलं, मलाही. पण हाच नियम घोडदळाच्या पोशाखाला लावून बघा. आपलं कुठलं आणि परकं कुठलं, हे वेगळं काढता काढता हात दुखतील.

'पूना हॉर्स'चंच घ्या. जून १८१७च्या करारात इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाला एका फौजेचा खर्च उचलायला लावला, त्यातून ही रेजिमेंट उभी राहिली. त्याच नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि पेशवाई शेवटाला लागली. म्हणजे ही खूण गुलामीचीच की! पण पुढे १९६५ मध्ये याच रेजिमेंटचं नेतृत्व करताना लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर धारातीर्थी पडले. मुंबईत जन्मलेला, पुण्यात शिकलेला माणूस. १९७१ मध्ये याच रेजिमेंटच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपालने बसंतरच्या लढाईत पेटलेला रणगाडा सोडायला नकार दिला. वय २१. आपल्यातले कित्येक जण त्या वयात बॅकलॉग मोजत असतात. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आता सांगा, 'पूना हॉर्स' हे नाव कुणाचं?

रणगाडा दलाची काळी बेरे टोपी तर आणखी लांबून आली. फ्रान्सच्या डोंगरी सैनिकांची टोपी ब्रिटिश रणगाडा दलाने १९२४ मध्ये उचलली. अरुंद रणगाड्यात ती अडत नाही आणि काळ्या रंगावर ग्रीसचे डाग दिसत नाहीत. पुन्हा तेच, कामाची गोष्ट. १९३८ पासून हिंदी घोडदळाचे घोडे गेले, रणगाडे आले. पण हुद्दे तेच राहिले. आजही रणगाड्यात बसणारा जवान 'सवार'च असतो, त्याच्या वर दफेदार, त्याच्या वर रिसालदार. फारसी शब्द, फ्रेंच टोपी, इंग्रजी कवायत आणि आत बसलेला पोरगा इथला.

मला वाटतं, पोशाख 'कुणाचा' या प्रश्नावर आपण फार अडकतो. 'कशासाठी' आणि 'कुणाच्या अंगावर' हे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत. २६ जानेवारीला ६१ कॅव्हलरीचे फेटेवाले स्वार टीव्हीवर दिसले की आपण टाळ्या वाजवतो. तसाच तुरेदार फेटा हॉटेलच्या दारातल्या दरवानाच्या डोक्यावर असतो, तसाच झालरीचा लष्करी कोट लग्नातल्या बँडवाल्याच्या अंगावर असतो, आणि त्याच्याकडे आपण बघतही नाही. पोशाख तोच, मान वेगळा. म्हणजे आपला आदर नक्की कशाला आहे?

बदल जरूर करावेत. पण आधी त्या वस्तूची गोष्ट माहीत हवी, नाहीतर काढणंही रील आणि मिरवणंही रील. देवळालीत तोफखाना उशाशी असलेल्या आपल्या शहराला हे सांगायला नको खरं तर. सुट्टीत एकदा एसटीने अहिल्यानगरला जा. तिथल्या रणगाडा संग्रहालयात एकेका रणगाड्याजवळ उभे राहा आणि आत बसायला किती कमी जागा आहे, ते बघा.

आणि पुढच्या शिवजयंतीला फेटा जरूर बांधा. मिरवणुकीत, पायी. गाडीवर बसायचं असेल तर हेल्मेट घाला आणि पट्टा हनुवटीखाली लावा. मराठी स्वाराची परंपरा पाळायचीच असेल, तर तीही हीच आहे.