घरगुती विचार : कॅमेरा घेण्यापूर्वीं

गेल्या महिन्यांत आमच्या परिचयाच्या एका घरांत एक प्रश्न उपस्थित झाला आणि त्याचा निवाडा करण्यासाठीं आम्हांस बोलावणें आलें. प्रश्न वरवर पाहतां लहान होता. घरासाठीं एक चांगला कॅमेरा घ्यावयाचा, पैसे एकाचेच, आणि पसंतीस उतरलेले कॅमेरे दोन. परंतु ते दोन कॅमेरे परस्परांपासून इतके भिन्न कीं, त्यांतून एकाची निवड करणें म्हणजे दुर्बीण घ्यावी कीं चष्मा घ्यावा हें ठरविण्यासारखेंच होतें. निवाडा आम्ही केला असें म्हणवत नाहीं. तथापि त्या निमित्तानें जें पाहावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें.

कॅमेऱ्याचा विषय त्या घरांत निघण्यास एक दुःखद कारण होतें. दोन वर्षांपूर्वीं घरचे आजोबा गेले. घरांत सात मोबाइल, त्यांत हजारों चित्रें; पण तेराव्याच्या दिवशीं हार घालावयास एक धड तसबीर सांपडेना. कोठें डोळे मिटलेले, कोठें अर्धा चेहरा नातवाच्या डोक्यामागें, कोठें रात्रीच्या दिव्याखालीं काढल्यामुळें कातडी मेणाच्या बाहुलीसारखी गुळगुळीत. अखेर एका लग्नांतल्या समूहचित्रांतून चेहरा तेवढा कापून मोठा करण्यांत आला. ती तसबीर आज माजघरांत आहे. तींतील गृहस्थ आजोबांसारखे दिसतात, एवढेंच तिच्याविषयीं म्हणतां येईल. आजींचें वय आतां अठ्ठ्याऐंशी आहे. कोणी बोलून दाखवीत नव्हतें. पण कॅमेरा कशासाठीं घ्यावयाचा हें सर्वांना ठाऊक होतें.

घरांत पक्ष दोन. काकांना पक्ष्यांचा नाद. हिवाळ्यांत भिगवणला उजनीच्या जलाशयावर रोहित पक्षी येतात, ते पाहावयास काका दरसाल जातात आणि गुलाबी ठिपक्यांसारखें कांहीं तरी टिपून परत येतात. त्यांच्या एका स्नेह्यांजवळ निकॉनचा कूलपिक्स पी९५० आहे व ते तो विकावयास तयार होते. हा कॅमेरा २०२० सालीं निघाला. त्याच्या भिंगाचा पल्ला, जुन्या फिल्मच्या मापानें सांगावयाचें तर, २४ मिलिमीटरांपासून २००० मिलिमीटरांपर्यंत, म्हणजे ८३ पट लांबवितां येतो. पुरता लांबविला असतां शंभर मीटरांवरील पावणेदोन मीटर रुंदी तेवढी चौकटींत राहते, आणि पौर्णिमेचा चंद्र चौकटीच्या उंचीचे दहांतील सात भाग व्यापतो. वजन मात्र किलोभर.

दुसरा पक्ष नातसूनबाईंचा. त्यांची निवड फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेंतील सहावा कॅमेरा, एक्स१००-व्हीआय, २०२४ सालचा. याचें वजन सुमारें अर्धा किलो, आणि याचें भिंग जागचें हलत नाहीं. फिल्मच्या मापानें ३५ मिलिमीटर, बस्स. दोन मीटरांवर उभें राहिल्यास सुमारें दोन मीटरांची रुंदी चित्रांत येते. अधिक जवळचें हवें असेल तर आपण पुढें जावें, अधिक रुंद हवें असेल तर मागें सरावें, आणि मागें भिंत असेल तर गप्प बसावें. बाजारांत आले त्या त्या वेळीं अमेरिकेंत पहिल्याची किंमत सुमारें ८०० डॉलर आणि दुसऱ्याची सुमारें १६०० डॉलर होती. काकांचा सवाल असा कीं, जो कॅमेरा ८३ पट पाहतो तो निम्म्या किमतींत आणि जो एकपटच पाहतो तो दुप्पट किमतींत, हा कोठला हिशेब?

सवाल अगदीं रास्त आहे, आणि दुकानांत त्याचें उत्तर सहसा ठिपक्यांच्या संख्येनें दिलें जातें. एकाचे ठिपके एक कोटी साठ लक्ष, दुसऱ्याचे चार कोटी. तेव्हां दुसरा श्रेष्ठ. हें उत्तर फोल होय. भिंतीवर लावावयाची ८ बाय १२ इंचांची तसबीर घेतली आणि दर इंचास ३०० ठिपके धरले, तर २४०० गुणिलें ३६००, म्हणजे ८६ लक्ष ठिपके पुरतात. काकांच्या कॅमेऱ्याजवळ त्याच्या जवळजवळ दुप्पट आहेत. ठिपक्यांवरून भांडणाऱ्यांनीं आधीं घरांतील सर्वांत मोठी तसबीर मोजून पाहावी.

खरा भेद ते ठिपके ज्याच्यावर पडतात त्या सेन्सरचा आहे. पूर्वीं फिल्म होती त्या जागीं हल्लीं हा प्रकाश टिपणारा तुकडा असतो. काकांच्या कॅमेऱ्यांतील सेन्सर हरभऱ्याच्या डाळीच्या दाण्याएवढा, सुमारें ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. नातसूनबाईंच्या कॅमेऱ्यांतील २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, म्हणजे लहानशा टपालाच्या तिकिटाएवढा, क्षेत्रफळानें तेरापट. आणि तिकिटाएवढ्या सेन्सरवर ८३ पट लांबणारें भिंग बसवावयाचें झाल्यास त्यास उचलून नेण्यास गडी लागेल. म्हणून दूरचें पाहणाऱ्या कॅमेऱ्यास लहान सेन्सर पत्करावाच लागतो. यांत बनविणाऱ्याची कंजुषी नाहीं.

आतां भिंगाचें तोंड पाहूं. घरांत चित्र काढतांना पी९५०चें भिंग आंखूड केलेलें असतें, आणि त्या स्थितींत त्याची प्रकाश घेणारी वाट अवघी दीड मिलिमीटरांची, मोहरीएवढी राहते. दुसऱ्याची साडेअकरा मिलिमीटर, सदऱ्याच्या गुंडीएवढी. सेन्सर आणि वाट मिळून हिशेब केला तर एकाच खोलींत, एकाच क्षणीं, दुसऱ्या कॅमेऱ्यास निदान पंचवीसपट प्रकाश लाभतो. उलट तेंच पी९५०चें भिंग पुरतें लांबविलें कीं त्याची वाट ५५ मिलिमीटरांची, निरांजनाएवढी होते. रोहित पक्षी त्याच वाटेनें आंत येतात. तेथें गुंडीएवढ्या तोंडाचें कांहीं चालत नाहीं.

हें सर्व आम्ही माजघरांत बसून सांगितलें, आणि अर्थातच कोणाचें समाधान झालें नाहीं. तेव्हां प्रयोग करण्याचें ठरलें. स्नेह्यांचा कॅमेरा मागून आणला, दुसरा दोन दिवसांकरितां भाड्यानें घेतला.

शनिवारीं दिवेलागणीस आजी देवघरांत पोथी वाचीत होत्या. समोर निरांजन, वर एक मंद दिवा. काकांनीं आपल्या कॅमेऱ्यानें आठदहा चित्रें घेतलीं. कांहींत पान उलटणारा हात वाफेसारखा विरलेला, कांहींत चेहऱ्यावर रवा सांडावा तसे कण. त्यांनीं त्यावरचा दिवा चमकावून पाहिला. त्यासरशीं आजींनीं डोळे मिटले आणि, खरें सांगावयाचें तर, थोड्या रागावल्या. नातसूनबाईंच्या चित्रांत निरांजनाचा उजेड होता तसाच होता, कपाळावरच्या सुरकुत्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट होत्या, आणि झांकण उघडमिट झाल्याचा आवाज आजींपर्यंत पोंचलाही नाहीं. काका कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “घरांतलें काय, मोबाइलही काढतोच कीं!”

या आक्षेपाचा आम्ही पुष्कळ विचार केला, कारण तो खोटा नाहीं. आजचा मोबाइल अंधारांत अनेक झटपट चित्रें घेऊन त्यांचें एक करतो, आणि समोरचा मनुष्य स्वस्थ असेल तर फळ चांगलें येतें. हलणारें मूल, पान उलटणारा हात, येथें मात्र ती जुळणी फसते. आणि मेणाची बाहुली होते ती याच खटपटींत. परंतु घरांत मोबाइल असतांना दूरचें पाहणारा कॅमेराच काय तो नवी शक्ति आणतो, हें काकांचें म्हणणें आमच्या मनांत घर करून राहिलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तर त्यांचें पारडें चांगलेंच जड झालें. नातसूनबाई लहान कॅमेरा घेऊन दीड मीटरावर जाऊन उभ्या राहिल्या, “आजी, इकडे पाहा ना” म्हणाल्या, आणि आजींनीं पदर सारखा केला, ओठ मिटले, पासपोर्टाकरितां बसावें तशा बसल्या. आणखी जवळ जावें तर नाक चेहऱ्याच्या मानानें मोठें दिसूं लागे. यावर तोड एवढीच कीं, थोडें दूर राहून काढलेल्या चित्राचा मधला चौथा हिस्सा कापून घ्यावा. चार कोटींतून एक कोट ठिपके उरतात, ते पुरेसे आहेत. त्यानें नाक सुधारलें. पदर आणि ओठ तसेच राहिले. तेवढ्यांत भाजीवाली आली. आजी अंगणांत गेल्या, मेथीच्या जुडीवरून घासाघीस सुरू झाली, आणि काकांनीं वरच्या गॅलरींतून, चाळीसेक फुटांवरून, भिंग लांबवून चित्रें घेतलीं. सकाळचें ऊन स्वच्छ होतें. एका चित्रांत आजी मान मागें टाकून हसत आहेत, वरचा एक दांत नाहीं तोही दिसतो, आणि हातांत मेथी आहे. तें पाहून घरांतल्या दोघांतिघांचे डोळे भरून आले.

मग आम्ही एकच सूचना केली. एक महिना थांबावें, आणि “आतां कॅमेरा हवा होता” असें ज्या ज्या वेळीं मनांत येईल ती वेळ, जागा आणि अंतर दिनदर्शिकेच्या पाठीमागें लिहून ठेवावें. नातसूनबाईंनीं तें निष्ठेनें केलें. घरांत धाकट्याची मुंज त्याच महिन्यांत होती, त्यामुळें यादी बरीच वाढली. मुंजीस भाड्याचा फोटोग्राफर होताच. पण मातृभोजनाच्या वेळीं तो बटूसमोर उभा असतो, आणि खांबाआड बसून डोळे टिपणाऱ्या आत्याबाई त्याला दिसत नाहींत. यादींतील तीनचार नोंदी सोडल्यास बाकी सर्व छपराखालच्या होत्या, चार हातांच्या आंतल्या, आणि बहुतेक दिवस मावळल्यानंतरच्या. पंगतीच्या दोन नोंदी मात्र अशा होत्या कीं, तेथें लहान कॅमेऱ्याची चौकट अपुरी पडली असती. पी९५०चें आंखूड केलेलें भिंग अधिक रुंद पाहतें. ती उणीव मोबाइलनें भरून काढावी लागेल.

यादी पाहून काकांनींच होकार दिला, आणि लहान कॅमेरा घेण्यांत आला. यांत आमची एक सूचना अशी कीं, पावसाळ्यांत भिंगास बुरशी धरते. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यांत तो ठेवावा, कपाटांत कपड्यांमध्यें ठेवूं नये. भिगवणच्या वेळीं स्नेही आपला कॅमेरा काकांना आठवडाभर देणार आहेत.

राहतां राहिली तसबीर. नव्या कॅमेऱ्यानें आजींचीं देवघरांतलीं सुंदर चित्रें झालीं आहेत. त्यांतील दोन आम्ही स्वतः निवडून दिलीं. तीं आणि काकांचें मेथीचें चित्र, अशीं तिन्ही छापून आजींपुढें ठेवलीं. त्यांनीं चष्मा पुसला, तिन्हींवरून नजर फिरविली, मेथीचें चित्र उचलून आजोबांच्या तसबिरीशेजारीं धरून पाहिलें, आणि म्हणाल्या, “हें लावा. पण आतांच नको हो.” तें चित्र सध्यां काकांच्या कपाटांत आहे.