स्कॅनआधी पाणी बंद कशासाठी?

'डाय दिला की किडनी जाते' हे वाक्य मेहरूण तलावाच्या कट्ट्यावर असो की दवाखान्याच्या बाकावर, सारख्याच खात्रीने बोलले जाते. या भीतीपायी काही जण गरजेचा सी.टी. स्कॅनही टाळतात. पण त्याच वेळी किडनीला खरोखर त्रासदायक ठरणारी एक गोष्ट आपण निमूटपणे करतो. भर उन्हाळ्यात निर्जळी राहून स्कॅनला जातो.

आधी हा डाय करतो काय, ते पाहू. सी.टी. आणि अँजिओग्राफीत वापरला जाणारा डाय आयोडिनयुक्त असतो. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, पण त्यातले बहुतेक बाहेरच्या थरालाच मिळते. आतला गाभा क्षार आणि पाणी परत शोषण्याचे जड काम करतो आणि त्याला प्राणवायू मात्र जेमतेमच मिळतो. डाय शिरला की या गाभ्याच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच तोकडा असलेला पुरवठा आणखी घटतो. शिवाय डाय शरीरात परत शोषला जात नाही. सूक्ष्म नलिकांतले पाणी शोषले जाते, डाय मागे राहतो आणि दाट होत जातो. शरीर जितके तहानलेले, तितका तो जास्त दाट.

आता आपल्याकडचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर. रावेर किंवा चोपड्याकडचा साठीतला शेतकरी पहाटेच्या एस.टी.ने निघतो. 'चार तास काही खाऊ-पिऊ नका' असे सांगितलेले असते, म्हणून घोटभर पाणीही घेत नाही. नंबर लागेपर्यंत दुपार होते. गुडघा दुखतो म्हणून वेदनाशामक गोळी रोजचीच. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवणारी नैसर्गिक द्रव्येच कमी करतात. म्हणजे डाय टोचण्याआधीच या माणसाचे मूत्रपिंड अडचणीत आलेले असते. पुढे क्रिएटिनिन वाढले, तर दोष मात्र एकट्या डायवर जातो.

युरोपातील रेडिओलॉजिस्टांच्या मार्गदर्शक सूचना तर सांगतात, की आजचे सुधारित डाय देण्यापूर्वी उपाशी राहण्याचीही गरज नाही. मग आपल्या चिठ्ठ्यांवरचा 'पिऊ नका' हा शब्द कशासाठी? माझ्या मते, खानदेशातल्या केंद्रांनी निदान मार्च ते जून तो खोडून 'पाणी पीत राहा' असे ठळक लिहावे. भूल द्यायची असेल, किंवा हृदयविकार वा डायलिसिसमुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टर सांगतील तेच खरे.

याचा अर्थ प्रत्येकाला सलाइन लावा, असाही नाही. नेदरलँड्समधील एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. किडनीची क्षमता मध्यम प्रमाणात कमी असलेल्या रुग्णांना डायच्या वेळी सलाइन दिल्याने काही फायदा दिसला नाही. पण बाटली न लावणे वेगळे आणि माणसाला तहानलेले ठेवणे वेगळे.

खरी काळजी कोणाला? अमेरिकेतील रेडिओलॉजी आणि किडनी या दोन संस्थांनी २०२० मध्ये एकत्रितपणे सांगितले, की शिरेतून दिलेल्या डायचा धोका पूर्वी फुगवून सांगितला गेला. विशेष जपायचे ते प्रामुख्याने ईजीएफआर ३० पेक्षा कमी असलेल्यांना आणि किडनीला नुकतीच इजा झालेल्यांना. हृदयाच्या अँजिओग्राफीत डाय थेट धमनीतून जातो, तिथे थोडी जास्त सावधगिरी हवी. क्रिएटिनिनच्या साध्या रक्ततपासणीवरून ईजीएफआर काढता येतो. मधुमेह, रक्तदाब किंवा वय जास्त असेल, तर तो आकडा ठरलेल्या स्कॅनआधी विचारून घ्या. वेदनाशामक आणि मेटफॉर्मिन घेत असल्याचेही सांगा. पक्षाघात किंवा अपघातासारख्या तातडीच्या वेळी मात्र अहवालासाठी स्कॅन अडवून धरू नका.

जोखमीच्या रुग्णांनी दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासावे. बिघाड झालाच तर तो याच काळात दिसू लागतो आणि बहुतेकांत आठवडा-दहा दिवसांत पूर्ववत होतो.