'वज्राघात'मधील नावडता रामराजा

थोर कादंबरीकाराच्या नावडत्या कृतींची आणि पात्रांची चर्चा करणे हे समीक्षेचे काम नव्हे, अशी एक सभ्य समजूत मराठीत रूढ आहे. आवडीची कारणे सविस्तर द्यायची. नावडीला मात्र 'अनुकरणात्मक', 'अपूर्ण' असे एखादे विशेषण चिकटवून पुढे सरकायचे. हरि नारायण आपटे यांच्या बाबतीत हा शिरस्ता विशेष कसोशीने पाळला गेला आहे. आणि जेथे तो मोडतो, तेथे नावड भलत्याच ठिकाणी जाऊन पडते.

पदव्युत्तर वर्गात हरिभाऊंचे सर्वांत नावडते पात्र विचारले की उत्तर ठरलेले असते : 'पण लक्षात कोण घेतो?'मधले शंकरमामंजी. हे उत्तर नैतिक दृष्ट्या निर्दोष आणि वाङ्मयीन दृष्ट्या निरुपयोगी आहे. शंकरमामंजींचा तिटकारा यावा ही योजना लेखकाचीच. तो येतो म्हणजे आपण लेखकाच्या आज्ञेत आहोत, एवढेच सिद्ध होते. नावडते पुस्तक विचारावे तर 'म्हैसूरचा वाघ' पुढे केले जाते, कारण ते मेडोज टेलरच्या कादंबरीवरून बेतलेले. किंवा 'सूर्यग्रहण', कारण ते पूर्णच झाले नाही. ही नावड कोणालाही दुखवत नाही. तिच्यामुळे हरिभाऊंच्या कलेविषयी एकही नवा प्रश्न निर्माण होत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते हरिभाऊंचे खरोखर नावडावे असे पुस्तक 'वज्राघात' आहे आणि पात्र त्यातील रामराजा. १९१३ ते १९१५ या काळातील ही कादंबरी उतावीळपणाने लिहिलेली नाही. पाव शतकाहून अधिक काळ कादंबरी लिहिलेल्या, 'करमणूक' वर्षानुवर्षे चालविलेल्या सिद्धहस्त लेखकाची ती परिपक्व रचना आहे. म्हणूनच तिच्याविषयीची तक्रार कौशल्याच्या उणिवेची असू शकत नाही. ती मूल्यदृष्टीविषयीच असावी लागते.

कथानकाचा कणा अभ्यासकांना परिचित आहे. विजयनगरच्या रामराजाने तारुण्यात मेहेरजान या मुसलमान युवतीशी प्रेमसंबंध जोडलेला असतो. राजकन्येशी विवाह आणि त्यातून येणारी सत्ता यांसाठी तो तिला दूर लोटतो. तिचा पुत्र रणमस्तखान विजापूरच्या पक्षातून रामराजासमोर उभा राहतो, आणि पितापुत्रांचे हे न ओळखलेले नाते साम्राज्याच्या विनाशाशी गुंतत जाते. एका पुरुषाच्या खाजगी अपराधाचे प्रायश्चित्त एका राज्याने भोगावे, अशी ही रचना आहे. तिच्यातील शोकात्म एकसूत्रता मान्य करण्यास हरकत नाही. प्रश्न असा की ही एकसूत्रता कशाच्या मोबदल्यात मिळविली?

येथे इतिहासाकडे वळावे लागते, आणि तेही तपशिलांतील चुका काढण्यासाठी नव्हे. कन्नड परंपरा या पुरुषाला 'अळिय रामराय' म्हणते. दुधनी-मैंदर्गीच्या पट्ट्यातून मराठीच्या वर्गात येणाऱ्या मुलांना 'अळिय' म्हणजे जावई, हे सांगावे लागत नाही. त्यांच्या घरात तो रोजचा शब्द आहे. कृष्णदेवरायाचा जावई हीच त्याची सार्वजनिक ओळख होती. त्याच्या आयुष्यातील दुसरे नाते याहून विलक्षण आहे. फिरिश्त्याच्या वृत्तान्तानुसार रामरायाचा एक मुलगा वारला तेव्हा विजापूरचा अली आदिलशहा स्वतः विजयनगरला सांत्वनासाठी गेला आणि रामरायाच्या पत्नीने त्याला मुलगा मानले. म्हणजे रामरायाला एक मुसलमान पुत्र इतिहासानेच दिला होता : मानलेला, उघड, दरबाराच्या साक्षीने. पुढे त्याच पुत्राने इतर सुलतानांशी हात मिळवून २३ जानेवारी १५६५ रोजी मानलेल्या पित्याविरुद्ध रणात उभे राहावे, यात जी शोकात्मता आहे ती कोणत्याही कल्पित मेहेरजानची वाट पाहत थांबलेली नव्हती.

हरिभाऊंनी तिच्यावरून हात फिरविला आणि तिच्या जागी एक गुप्त संबंध ठेवला. या अदलाबदलीतच 'वज्राघात'ची सारी दृष्टी साठलेली आहे. दख्खनमधील हिंदू-मुसलमान राजकुलांचे नाते मानलेले, बदलणारे, स्वार्थाने जोडलेले आणि स्वार्थाने तुटणारे, पण उघड नाते होते. कादंबरी त्याला रक्ताचे, लपविलेले आणि पापमय करते. राज्य बुडविणारा पुरुष त्या संकरातून जन्मलेला असावा, हा योगायोग निरागस मानता येत नाही. सुलतानांमधील सोयरीकही राजकारणाचाच भाग होती. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली गेली ती याच जुळवाजुळवीत, आणि तिच्याबरोबर आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला गेला. आमच्या जिल्ह्याचा किल्ला एका लग्नाच्या यादीत होता! खाजगी आणि सार्वजनिक यांची गाठ दाखवायला याहून बोलके उदाहरण कोणते हवे? पण येथे विवाह हा राजकारणाचा व्यवहार आहे. 'वज्राघात'मध्ये राजकारण हे प्रेमभंगाचे पडसाद होऊन बसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : ही अद्भुतरम्य कादंबरी आहे, इतिहासग्रंथ नव्हे. हा आक्षेप मराठी समीक्षेने फार सोयीस्करपणे वापरला आहे. भालचंद्र नेमाडे यांनी 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' अशा तीन प्रवृत्ती वेगळ्या केल्या, त्याने कादंबरीच्या इतिहासाला शिस्त आली हे खरे. परंतु वापरणाऱ्यांनी त्या शिस्तीचे कप्पे केले. सामाजिक हरिभाऊ एका कप्प्यात, ऐतिहासिक हरिभाऊ दुसऱ्यात; पहिल्याला मूल्यविचाराची कसोटी, दुसऱ्याला रंजनाची सवलत. लेखक मात्र एकच आहे. ज्याने १८९०च्या दशकाच्या आरंभी यमूच्या हाती निवेदनाचे सूत्र दिले, सक्तीच्या केशवपनाचा आघात तिच्या स्वतःच्या शब्दांत मराठी वाचकापुढे ठेवला, त्याने दोन दशकांनंतर टाकलेल्या मेहेरजानच्या हाती असे सूत्र का दिले नसावे? तीही पुरुषाच्या प्रतिष्ठेसाठी बाजूला सारलेली स्त्रीच आहे. पण यमूचे दुःख ही समाजाविरुद्धची फिर्याद होते आणि मेहेरजानचे दुःख कथानकाला लागणारे इंधन. कप्पे केले की हा प्रश्न उद्भवतच नाही. म्हणूनच ते अनेकांना प्रिय असावेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : १९१३च्या लेखकाकडून आजच्या जाणिवेची अपेक्षा करणे हा कालविपर्यास. आजची साधने बाजूला ठेवू. रामरायाने तरुणपणी गोवळकोंड्याच्या कुतुबशहाची चाकरी केली होती, हे सूत्र धरून रिचर्ड ईटन यांनी त्याच्यावर लिहिलेले प्रकरण २००५ सालचे आहे; ते हरिभाऊंना उपलब्ध नव्हते. पण फिरिश्त्याचे ब्रिग्जकृत इंग्रजी भाषांतर १८२९चे आहे आणि रॉबर्ट सूएलचा विजयनगरवरील ग्रंथ १९००चा. मानलेल्या पुत्राची कथा त्या काळी उपलब्ध होती. रामरायाच्या सैन्यातील दोन मुसलमान सरदार ऐन लढाईत उलटले, ही सीझर फ्रेडरिक या व्हेनिसच्या प्रवाशाने १५६७च्या भेटीनंतर नोंदविलेली हकिकत सूएलच्या ग्रंथातही आहे. रणमस्तखानाला आधार शोधणारे तिच्याकडे बोट दाखवू शकतील. खुशाल दाखवावे. पण त्या सरदारांचे उलटणे फौजेतले होते. त्याला जन्माचे रहस्य लागत नाही. ते कादंबरीने पुरविले आहे, आणि त्या पुरवठ्याचा हिशेब कादंबरीकडेच मागावा लागेल.

'वज्राघात' अभ्यासक्रमात नेमली जाते तेव्हा तिच्यावरचा प्रश्न बहुधा 'रामराजाची शोकात्म व्यक्तिरेखा' असा असतो. कन्नड घरातून आलेला विद्यार्थी मराठीत त्याचे उत्तर लिहितो, आणि ज्याला तो अळिय रामराय म्हणून ओळखतो त्या पुरुषाविषयी त्या उत्तरात त्याला काहीच लिहिता येत नाही.